उभ्या गाडीचं पेट्रोल

१३ एप्रिल, रविवार

गाडी घरी आली. उद्या जयंती, म्हणून भाऊजी म्हणाले की आजच घेऊन जा. भाऊजी म्हणजे पिंकीताईचे यजमान, धम्मदीप. गाडी त्यांचीच, पाच वर्षं वापरलेली. त्यांनी नवी घेतली आणि ही मला दिली. उंच बांध्याची आहे, त्यामुळे आईला बरी. तिच्या गुडघ्यांना खाली वाकून बसायचं जमत नाही आणि वर चढायचंही जमत नाही. या गाडीची सीट बरोबर कमरेशी येते. आई नुसती टेकली आणि बसली. बसल्यावर म्हणाली, "खाटेवानी आहे गा."

किल्ली देताना भाऊजींनी सांगितलं, "लिटरले अठरा देते. एसी लावला तर सोळा. तुह्याशी खोटं काहून बोलू?"

मी लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. ताई हसली. म्हणाली, "हा गाडीचाही जन्मदाखला मागते पाह्य."

हसू देत. मी गांधीबागेत लग्नपत्रिकांच्या दुकानात मजकूर टाईप करतो. तिथे एक वेलांटी चुकली तर दुसऱ्या दिवशी नवरीचे वडील गठ्ठा घेऊन दारात उभे असतात. त्यामुळे जे सांगितलं जातं ते लिहून घ्यायची सवय लागली आहे.

गाडीचे नियम आज घरात सांगून टाकले. चाकातली हवा दर आठवड्याला. पेट्रोल पहिला खटका वाजेपर्यंतच. एसी लावायचा नाही, काचा उघड्या ठेवायच्या. आईने विचारलं, "मंग ते बटन कायले देल्लं त्यायनं?" माझी बायको माया नुसती ऐकत होती.

२० एप्रिल, रविवार

पहिली टाकी. सतरा पूर्णांक चार. एक लहानसा फरक टायरचा असेल. समाधान वाटलं.

मी रोज दुकानात मोटरसायकलनेच जातो. गाडी रविवारी आणि आईला व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यायला. बाकी दिवस ती घरासमोर कडुनिंबाखाली उभी असते आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. माझ्याशिवाय घरात कुणाला चालवता येत नाही, त्यामुळे काळजी नाही.

२३ एप्रिल, बुधवार

उकाडा फार. आतल्या खोलीवर टिनाचं छप्पर आहे, दुपारी तिथे थांबवत नाही म्हणे. बाहेरच्या खोलीत एकच कूलर, आणि दुपारभर तिथे आईच्या बचत गटाच्या बायका कापडी पिशव्या शिवायला बसतात. मशीनचा आवाज आणि त्यांच्या गप्पा. माया कंटाळल्यासारखी दिसते. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, डोकं दुखून राहिलं."

पत्रिकेत आज नवरीच्या नावापुढे एम. एस्सी. लिहायचं होतं. मी ते नेहमी दोनदा तपासतो. मी स्वतः बारावी नापास, फिजिक्स दोनदा राहिलं. मायाची बारावी झालेली आहे. लग्न झाल्यावर तिने पुढचा फॉर्म भरायची गोष्ट काढली होती. मी म्हटलं होतं, घर सांभाळून कसं जमेल, बघू. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. समजूतदार आहे.

२७ एप्रिल, रविवार

नऊ.

मी पंपावर उभा राहून तीन वेळा भागाकार केला. नऊच येतात. मागच्या रविवारी सतरा आणि आज नऊ. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा मीच.

पंपावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, एसी जास्त चालवता वाटते."

मी म्हटलं, एसी मी एकदाही लावलेला नाही.

तो म्हणाला, "मंग घरचे लावत असतीन."

घरच्यांना चालवता येत नाही, असं सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि मागच्या गाडीकडे गेला. माप मारतात हे उघड आहे. पुढच्या वेळी दुसरा पंप.

१ मे, गुरुवार

सुट्टी होती. गाडी धुतली. शेजारचे नानाजी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, दिवसभर गल्ली पाहणं हेच काम. म्हणाले, "प्रशिक, तुही गाडी लय मेहनती आहे गा. उभ्या-उभ्या काम करते."

मी म्हटलं, नानाजी, उभी गाडी कसलं काम करते?

"तेच तर म्हणून राहिलो न मी." आणि हसायला लागले.

त्यांना थट्टेची सवय आहे.

धुताना पुढची डावी सीट मागे रेललेली दिसली. आई कधीतरी टेकली असेल. बाटली ठेवायच्या खाचेत स्टीलचा पेला होता, तळाशी ताक वाळलेलं. आईला विचारलं. ती म्हणाली, "माहाच आहे, दे इकडे," आणि पेला हातातून ओढूनच घेतला. गाडीत खाणं-पिणं नको, हा नियम पुन्हा सांगितला.

४ मे, रविवार

दुसरा पंप. साडेआठ.

आता मापाचा संशय टिकत नाही. दोन पंप सारखंच फसवणार नाहीत. मग पेट्रोल चोरीला जातं का? झाकणावर चिकटपट्टी लावून ठेवली, तिच्यावर पेनाने बारीक रेघ मारली.

७ मे, बुधवार

चिकटपट्टी जशीच्या तशी. काटा मात्र खाली. किलोमीटरचा आकडा रविवारचाच. म्हणजे गाडी जागची हलली नाही, झाकण कुणी उघडलं नाही, आणि पेट्रोल संपलं.

आज दुकानातून लवकर आलो होतो. गाडीखाली ओल दिसली. पुढच्या बाजूला, ताटाएवढी. भर उन्हात एक कुत्री ती चाटत होती. मी गुडघ्यावर बसून बोट लावलं, वास घेतला. पेट्रोल नाही. पाणी. म्हणजे इंजिनाचं पाणी गळतं आहे. इंजिन तापून बंद पडलं तर काय, आई गाडीत असताना पडलं तर काय, असं सगळं मनात आलं. बोनेटला हात लावला तर गरम होतं. पण या उन्हात काय गरम नसतं?

घरात जाऊन सांगितलं. मायाचे केस मोकळे होते, चेहरा ताजातवाना. बऱ्याच दिवसांनी. मी गळतीचं सांगितलं तशी ती आईकडे पाहायला लागली. आई म्हणाली, "अगं बाई," आणि मशीन जोरात चालवायला लागली.

९ मे, शुक्रवार

अर्धी सुट्टी टाकून गाडी गॅरेजला नेली. त्यांनी गाडी वर उचलून पाहिली. गळती कुठेच नाही. मिस्त्री म्हणाला, "एसीचं पाणी आहे. एसी चालला का पाणी पडतेच."

मी म्हटलं, एसी चाललाच नाही.

"साहेब, पाणी खोटं बोलत नाही."

म्हणजे मी खोटं बोलतो? त्याच्याशी वाद घातला नाही. हा मिस्त्री भाऊजींच्या ओळखीचा, त्यांचीच गाडी पाच वर्षं सांभाळणारा. तो दोष कशाला दाखवेल?

येताना भाऊजींना फोन केला. सगळं क्रमाने सांगितलं, पट्टी, पाणी, साडेआठ. पलीकडे बराच वेळ शांत. मग म्हणाले, "दुपारी उभी राहते न गाडी घरी?" मी हो म्हटलं. घसा खाकरल्याचा आवाज. मग, "जाऊ दे न गा. काही दिवस चालू दे. जूनमंधी पाहू."

जूनमध्ये का? गाडीत दोष असेल तर तो मे महिन्यातही आहे. भाऊजी असे बोलताना अडखळणारे नाहीत. ऑफिसात त्यांची ख्याती आहे की साहेबालाही तोंडावर खरं सांगतात. आज ते माझ्यापासून काहीतरी लपवत होते.

१० मे, शनिवार

पहाटे भंडाऱ्यापर्यंत जाऊन आलो, एकटाच, फक्त मोजायला. साडेसतरा. म्हणजे चालवली की बरी, घरी उभी राहिली की नऊ.

मायाला समजावून सांगत होतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "उभ्या गाडीलेही पेट्रोल लागतच असते न, सुरू असली तर?"

मी म्हटलं, पण सुरू कोण करणार?

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "तुम्ही सरासरी काढता न, त्यात चाललेली गाडी येते. थांबलेली येत नाही."

तिला गाडीतलं काही कळत नाही, तरी माझ्यासाठी विचार करते. बरं वाटलं. घरात एक माणूस तरी माझ्या बाजूने आहे.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

ताई आणि भाऊजी सकाळीच आले. वंदना झाली. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं, भाऊजी पुढे, आम्ही मागे. आईने खीर वाढली. मी ठरवलं होतं की आज बोलायचं नाही. पण भाऊजींनीच विचारलं, "काय म्हणते गाडी?" आणि हसले. ते हसणं मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, "भाऊजी, गाडीत दोष आहे आणि तो तुम्हाला माहीत होता."

ताईची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. "प्रशिक, काय बोलून राहिला तू?"

"उभ्या गाडीचं पेट्रोल जातं. मिस्त्री तुमचा. तुम्ही म्हणता जूनमध्ये पाहू. अठरा देते म्हणाला होतात. मी लिहून ठेवलं आहे."

माया उठून उभी राहिली. "थांबा, मी सांगतो—"

भाऊजींनी हात वर केला. "बस वं माया. हे आमचं दोघायचं आहे." मग माझ्याकडे वळले. मी त्यांना दहा वर्षं ओळखतो. त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "हो. दोष आहे. मले माहीत होता. मी तुले सांगतला नाही."

आई म्हणाली, "जवाईबापू!"

"राहू द्या मामी. गाडी आजच परत नेतो."

आणि खीर तशीच ठेवून ते उठले. ताई माझ्याजवळून जाताना थांबली. वाटलं मारते की काय. नुसतं म्हणाली, "तुले सांगण्यात अर्थ नाही."

पंचशील घेऊन अर्धा तास झाला नव्हता. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याची चौथी प्रतिज्ञा त्यांनीच आम्हाला सांगितली, आणि त्याच तोंडाने कबूल केलं की महिनाभर मला फसवत होते. माझं खरं ठरलं. तरी रात्री जेवण गेलं नाही. माया भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. तिलाही धक्का बसला असणार, ती भाऊजींना फार मानते.

१६ मे, शुक्रवार

कडुनिंबाखाली मोकळी जागा. नानाजी म्हणाले, "झाली काय बदली तिची?" मी मोटरसायकल काढली.

माया हल्ली दुपारी ताईकडे मानेवाड्याला जाते, सिटी बसने. ताईची समजूत काढायला जाते म्हणते. मी म्हटलं, त्यांनी आपल्याला फसवलं, आपण कशाला जायचं? ती म्हणाली, "नातं तोडायचं काय?" आईने तिच्या बाजूने मान हलवली. मी जाऊ दिलं. मन मोठं ठेवावं.

२२ मे, गुरुवार

दुकानाच्या ओळीत दुपारी वीज गेली ती आलीच नाही. मालकांनी घरी जा म्हटलं. गाडीची दुसरी किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. परक्याची वस्तू आपल्याकडे नको, म्हणून परस्पर मानेवाड्याला गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

ताईच्या घरासमोर गाडी उभी. काचा बंद. इंजिन सुरू.

लांबूनच गाडीखालची ओल दिसली. पुढच्या बाजूला, ताटाएवढी.

पुढची डावी सीट मागे रेललेली होती. तिच्यावर माया. गुडघ्यावर जाड पुस्तक, तोंडात पेन. ओठ हलत होते, डोळे मिटलेले, पाठ करताना मिटतात तसे. बाटलीच्या खाचेत ताकाचा पेला. मागच्या सीटवर आई. माझी आई. तिने मला सांगितलं होतं की ती दुपारी घरीच मशीनवर बसते. ती मांडीवर पिशव्या घेऊन बंद लावत बसली होती, आवाज न करता.

मी काच वाजवली नाही. ताई दारात आली, तिने मला पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या आवाजाने मायाने डोळे उघडले.

मी किल्ली बोनेटवर ठेवली आणि निघून आलो. बोनेट गरम होतं.

२३ मे, शुक्रवार

रात्री भाऊजी एकटे आले होते. बाहेर उभ्याने बोलणं झालं. जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

माया मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते आहे. हे शेवटचं वर्ष. मागची दोन वर्षं ती पास झालेली आहे. दोन वर्षं. मला माहीत नाही. फॉर्म ताईने भरला. पुस्तकं आईच्या पिशव्यांच्या कापडाखाली राहत होती. उन्हाळ्यात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून गाडी आली तसं भाऊजींनी तिला इंजिन सुरू करून एसी लावायला शिकवलं. एवढंच शिकवलं, चालवायला नाही. गटातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. नानाजींना माहीत होतं. पंपावरच्या अनोळखी माणसाने पहिल्याच दिवशी ओळखलं.

मी भाऊजींना म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी सांगायचं होतं."

"तिचा पेपर चोवीसले आहे. तू ऐकलं असतं, चार दिवस जेवला नसता, तिनं पुस्तक मिटलं असतं. मले कोणतं तरी एक सांभाळा लागत होतं गा."

"पण तुम्ही म्हणालात दोष आहे."

त्यांनी कडुनिंबाखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "शील घेऊन उठलो अन् खोटं बोललो. माह्या बाबानं मले पाच वर्षांचा असताना ते म्हणायले शिकवलं होतं. बारा तारखेपासून मी वंदनेत चौथ्या शीलावर येऊन अडकतो. तुह्या गाडीपायी." मग म्हणाले, "गाडीत काही दोष नाही, प्रशिक. अठरा देते ते."

आईशी बोललो नाही. तीच स्वयंपाकघरातून बोलली. "मीच तिले म्हटलं होतं, तू शिक, त्याचं मी पाहीन. मले अंगठ्याच्या वर काही येत नाही. तुले रागवायचं असन तर माह्यावर रागव."

मायाला एकच विचारलं. मला का नाही सांगितलं?

ती म्हणाली, "तुमच्या दुकानात डिग्रीवाली पत्रिका आली का तुम्ही त्या रात्री अर्धीच भाकर खाता. मले तीन वर्षं ते पाहणं जमलं नसतं."

मी अर्धी खातो हे मला माहीत नव्हतं. मला वाटतं हेच जास्त लागलं. चार माणसांनी मिळून मला अंधारात ठेवलं, आणि ती चौघंही माझ्याबद्दल ते जाणत होती जे मी स्वतः जाणत नव्हतो.

मी तिला उद्याच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. हेही लिहून ठेवतो.

२५ मे, रविवार

काल ती भाऊजींच्या मोटरसायकलवर गेली आणि आली. कसा गेला, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आज दुपारी भाऊजी गाडी कडुनिंबाखाली उभी करून गेले. घरात आले नाहीत. किल्ली खिळ्याला. माया किल्लीकडे पाहत होती, घेत नव्हती. आतल्या टिनाखालच्या खोलीत ओली चादर खिडकीला लावून बसली. दर थोड्या वेळाने पान उलटल्याचा आवाज. मी बाहेर कूलरसमोर. आई उठली. तिने कूलरचं तोंड आतल्या दाराकडे फिरवलं आणि जाऊन बसली.

२८ मे, बुधवार

शेवटचा पेपर. केंद्र सदरला.

सकाळी भाऊजींचा फोन आला की ऑफिसात अडकलो. खरं होतं की नाही, आता मी त्यांचं काहीच ओळखू शकत नाही. मी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. माया आली. पुढे बसली नाही, मागे बसली, पुस्तक उघडून.

काचा उघड्या होत्या. बाहेरून भट्टीसारखी हवा येत होती. तिने एसी लावा म्हटलं असतं तर मी लावला असता. तिने म्हटलं नाही. मी विचारलं असतं तर ती बहुतेक हो म्हणाली असती. मी विचारलं नाही. सक्करदऱ्याच्या घरापासून सदरपर्यंत आम्ही दोघं असेच गेलो. आरशात ती दिसत होती, ओठ हलत होते. रुमाल हाताला बांधला होता, घामाने पेन निसटू नये म्हणून. एवढं सगळं ती शिकली कधी?

गेटपाशी उतरली. "येतो," म्हणाली. पाठीवर कुर्ता पूर्ण भिजलेला.

मी घरी जायला निघालो होतो. चौकातून परत वळलो. रस्त्याकडेला सावली मिळाली तिथे गाडी लावली. राग गेला होता असं नाही. अजून गेलेला नाही. दोन वर्षांतल्या एकेका दुपारचा हिशेब मी डोक्यात मांडत होतो की या दिवशी ती काय म्हणाली होती आणि खरं काय होतं. त्यातच काचा वर घेतल्या, आणि ते बटण, जे मी स्वतः कधी लावलं नव्हतं, लावलं.

आधी गरम हवा आली, मग थंड. बराच वेळ बसलो. सुरुवातीला काट्याकडे पाहत होतो, नंतर गेटकडे. गाडीत खरंच बाहेरचं काही ऐकू येत नाही. अभ्यासाला चांगली जागा आहे.

सुटल्यावर गर्दी बाहेर आली. ती शेवटी शेवटी आली, इकडेतिकडे पाहत, रिक्षा शोधत असावी. मला पाहून थांबली. मग आली आणि या वेळी पुढचं दार उघडलं. थंड हवा तिच्या अंगावर गेली असणार, कारण ती दार धरून तशीच उभी राहिली.

"कधीपासून सुरू आहे?"

मी म्हटलं, "आत्ताच लावला."

ती बसली नाही. वाकून गाडीखाली पाहिलं. पाणी पुढच्या चाकाखालून निघून रस्त्याच्या उतारावर नालीपर्यंत गेलं होतं. तिने ते टोकापर्यंत पाहिलं. ते पाणी किती वेळाचं, हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

मग बसली, दार लावलं, आणि सीट मागे रेलवली.